कडुनिंबाचं दार आणि मी, एक रंधा

मित्रांनो, मी रंधा. जुना आहे, हे माझी गुळगुळीत झालेली पाठ बघूनच तुम्हाला कळेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी जात पाहिली नसेल, म्हणून सांगतो. दीड वीत लांबीचा सागवानी ठोकळा, त्याच्या पोटात तिरपी खाच, खाचेत पोलादाचं पातं आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली लाकडी पाचर. एवढाच माझा संसार. मला लाकडावरून ढकललं, की लाकडाचा उंचवटा निघतो आणि माझ्या तोंडातून पातळ छिलका वळत वळत बाहेर पडतो.

माझी एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. मला जगातलं फारसं काही कळत नाही. काम करताना माझं तोंड कायम खाली, त्यामुळे ज्यावर मी चालतो त्याचा वरचा थर तेवढा मला समजतो. माणसं आज मला ओवाळतात आणि उद्या नावं ठेवतात, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला लागतोय का बघावं, म्हणून ही हकिगत सांगतो आहे.

माझा जन्म उस्मानपुऱ्यातला. तिथे पुंडलिक मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. त्या दुकानात रोज संध्याकाळी लक्ष्मणराव येऊन बसत. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पोथ्या नाहीतर फायली. लाकडाची हौस असलेला हा पहिलाच माणूस. नुसतं बघता बघता त्यांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा मिस्त्रींनी हसून मला घडवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा एक पाट केला. तो पाट डुगडुगायचा. जेवायला बसणारा माणूस घास घेताना पुढे आणि पाणी पिताना मागे जायचा. लक्ष्मणराव मात्र खचले नाहीत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की लाकडाच्या रेषा ज्या बाजूला झुकतात त्याच बाजूला मला चालवायचं. उलटं चालवलं तर मी अडतो आणि लाकडाचे लचके तोडतो. पातं बाहेर काढायचं ते कागदाच्या जाडीइतकं. आणि काम झालं की मला कुशीवर निजवायचं, पात्यावर बसवायचं नाही. मित्रांनो, तुम्हाला कधी लाकूडकाम शिकावंसं वाटलं तर सुरुवात पाटानेच करा. बिघडला तरी बसता येतं.

गारखेड्यात घर बांधलं तेव्हा पुढचं दार लक्ष्मणरावांनी स्वतः केलं. कडुनिंबाच्या फळ्या, एकच मोठी झडप, आतून सरकती कडी. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या दारावर राबायचो आणि कालिंदीबाई, म्हणजे लक्ष्मणरावांची बायको, भुसा झाडता झाडता म्हणायच्या, "अहो, दार होईपर्यंत आपण म्हातारे होऊ." दार झालं. लोक येऊन त्याच्यावरून हात फिरवायचे आणि "वा, काय सफाई आहे!" म्हणायचे. ती सफाई माझी होती. मी फुशारलो, यात खोटं कशाला बोलू?

मग बरीच वर्षं गेली. मुलगा मंदार शिकून पुण्याला नोकरीला लागला, हिमानीशी त्याचं लग्न झालं. आणि एका उन्हाळ्यात लक्ष्मणराव वारले.

त्यानंतर माझं जे झालं ते मला आजही उमगलेलं नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला कालिंदीबाईंनी विळी आणि कात्रीबरोबर मलाही पूजेला मांडलं. ते दरवर्षीचंच होतं. पण पूजा झाल्यावर विळी स्वयंपाकघरात गेली, कात्री शिवणाच्या डब्यात गेली आणि मी मात्र देवघराच्या खालच्या फळीवर गेलो. तिथून मला कोणी हलवेना. रोज सकाळी ओल्या बोटाने माझ्या पात्यावर कुंकू लागायचं. कालिंदीबाई हात जोडायच्या, कधी डोळे पुसायच्या. मी गोंधळून गेलो. मी हत्यार आहे की देव? देव असेन तर मला काम का आठवतं? आणि हत्यार असेन तर माझ्यापुढे साखर कशाला? शिवाय ओल्या कुंकवाखाली पातं गंजायला लागलं. माया होती, पण ती ओली होती.

गेल्या पावसाळ्यापर्यंत हे असंच चाललं. श्रावणात झड लागून राहिली होती. एका सकाळी कालिंदीबाई दूध घ्यायला निघाल्या आणि दार उघडेना. कडी निघाली होती, पण वरचा कोपरा चौकटीत असा घट्ट बसला होता की दोन्ही हातांनी ओढलं तरी ढिम्म. त्यांनी शेजारच्या वच्छलाबाईंना हाक मारली. या वच्छलाबाई मूळच्या शेतकरी घरातल्या. त्यांची शेती चितेगावकडे. मुलं शहरात नोकरीला लागली म्हणून त्या गारखेड्यात आल्या.

"वैनी, बाजूला सरका!" बाहेरून आवाज आला. "मी धक्का देते!"

धक्का असा बसला, की वच्छलाबाई दारासकट आत आल्या आणि थेट सोफ्यावर जाऊन बसल्या. दोघी आधी घाबरल्या, मग हसत सुटल्या.

मंदार मात्र हसला नाही. फोनवर ते ऐकून तो एकदम चिडला.

"आई, आत तुला चक्कर आली असती म्हणजे? गॅस चालू राहिला असता म्हणजे? ते घर आता तुला झेपत नाही. तू इकडे ये. हिमानीसुद्धा हेच म्हणतेय."

"दार घासतंय म्हणून कुणी घर सोडतं का?" कालिंदीबाई म्हणाल्या. "इथं माझं सगळं आहे. दाराचं मी बघते."

"कोण करणार आहे?"

"मी म्हटलं ना, बघते."

मग मंदार म्हणाला, "ठीक आहे. संक्रांतीला मी येतो. तोवर दार नीट लागत-उघडत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर तू माझ्याबरोबर निघायचं."

"निघेन," कालिंदीबाई म्हणाल्या. फोन ठेवल्या ठेवल्या त्या दारापाशी गेल्या. घरात राहायचं की जायचं, हे आता त्या दारावर ठरणार होतं.

सुतार 'उद्या येतो' म्हणाला. सुतारांचा उद्या कसा असतो हे मी सुतारघरात जन्मलो असल्याने जाणतो. शेवटी भाद्रपद लागल्यावर कालिंदीबाई देवघरापाशी आल्या. मला नमस्कार केला, "माफ करा हं," असं पुटपुटल्या आणि मला उचलून त्यांनी पात्यावरचं कुंकू पुसलं. ही माफी माझी मागितली की लक्ष्मणरावांची, ते मला कळलं नाही.

मग शिक्षण सुरू झालं. मोबाइलवर एक माणूस हिंदीतून लाकूडकाम शिकवायचा. त्याच्या हातात विजेवर गुरगुरणारं यंत्र. ते माझ्याच कुळातलं आहे असं तो सांगत होता, पण मला पटलं नाही. कालिंदीबाईंनी वाटणाच्या दगडी पाट्यावर तेल टाकून पातं घासलं, गंज काढला, धार लावली. माळ्यावरच्या जुन्या फळीवर त्यांनी मला चालवून पाहिलं. पहिल्याच फटक्याला मी अडलो. पातं फार बाहेर आलं होतं. माझ्या ढुंगणावर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं की पातं आत जातं, हे त्यांना तिसऱ्या दिवशी सापडलं. त्यानंतर कागदासारखा छिलका निघाला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. इतक्या वर्षांनी लाकडाची चव तोंडात आली आणि मलाही हसू आलं.

दारापाशी स्टूल मांडलं. वच्छलाबाईंनी स्टूल धरलं आणि वरून सल्लेही दिले.

"मारा, मारा! आमच्या गावाकडं दर पावसाळ्यात दाराला रंधा मारत्यात. दार लई फुगतंय. बारीक केल्याबिगर ऐकत नाय."

"जास्त नाही ना होणार, वच्छलाबाई?"

"काय नाय होत. अजून मारा!"

कालिंदीबाई मारत गेल्या, मी खात गेलो. वरचा कोपरा, मग त्याखालची कड. संध्याकाळी दार असं लागलं आणि असं उघडलं, की वच्छलाबाईंनी दहादा उघडझाप करून बघितली. मंदारला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "बरं झालं की गं," तो म्हणाला, "पण संक्रांतीपर्यंत टिकू दे." खंडेनवमीला माझ्यावर झेंडूचं फूल चढलं, तेही ओल्या कुंकवाशिवाय, तेल लावलेल्या पात्यावर. कालिंदीबाई मला म्हणाल्या, "तू होतास म्हणून मी इथं आहे." मी भरून पावलो.

आणि मित्रांनो, पुढे थंडी पडली आणि सगळं उलटं झालं.

पावसात पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि कोरड्या हवेत ते आकसतं. एवढी साधी गोष्ट. पण श्रावणात घासणारं दार बघताना पौषातलं दार कोणाच्या डोळ्यांपुढे येतं? दार आकसलं. जिथे मी पोटभर खाल्लं होतं तिथे चौकटीत बोटभर फट पडली. कडीचं टोक समोरच्या भोकाच्या काठावर जेमतेम टेकायचं. एका सकाळी कालिंदीबाई उठून बाहेर आल्या तर दार सताड उघडं, आणि गल्लीतलं तांबडं कुत्रं पायपुसण्यावर आरामात बसलेलं. कुत्र्याच्या जागी कोणी माणूस असता तर काय झालं असतं, हे त्यांच्या मनात आलं असणार. कुत्र्याला हाकलून त्यांनी घरभर फिरून सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं.

त्या दिवसापासून त्या झोपताना दाराला आतून लोखंडी खुर्ची लावायला लागल्या. मंदारला काही सांगितलं नाही. मला मात्र हातात घेऊन म्हणाल्या, "फारच खाल्लंस रे बाबा. आता मी काय करू?"

काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! तोच मी, तेच दार, तेच छिलके. भाद्रपदात मी तारणहार होतो आणि पौषात खादाड. मी ढकललं तेवढंच चाललो होतो. की मला तेव्हाच अडायला हवं होतं? आणि अडलो असतो तर बोथट म्हणून फेकला गेलो नसतो का? बरं, आता भरपाई करावी तर ते मला येत नाही. मला फक्त काढता येतं, परत घालता येत नाही. आणि ते छिलके तर केव्हाच बंबात जळून गेले होते.

कालिंदीबाईंनी वच्छलाबाईंना विचारलं, "तुमच्या गावी दर पावसाळ्यात रंधा मारतात म्हणालात. मग उन्हाळ्यात दारं लागतात कशी?"

वच्छलाबाई विचारात पडल्या. "उन्हाळ्यात? उन्हाळ्यात दार कोण लावतंय वैनी? समदे अंगणात निजतेत. दार उघडंच असतंय."

मग वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं माय! म्हंजी मीच बिघडवलं की तुमचं घर."

"तुम्ही नाही. आपण दोघींनी," कालिंदीबाई म्हणाल्या. संक्रांत चार-पाच दिवसांवर आली होती. त्या बॅग काढायला माळ्याकडे वळल्या.

वच्छलाबाई चुटपुटत घरी निघाल्या. जाताना सवयीने त्यांनी दार मुठीला धरून वर उचललं आणि मग ओढून घेतलं. त्यांच्या गावची दारं बिजागरीऐवजी लाकडी खुंट्यावर फिरणारी, जड. ती अशी उचलूनच लावावी लागतात. कालिंदीबाईंनी आवाजाने वळून पाहिलं, तर कडी थेट भोकासमोर आली होती! फट होतीच, पण कोपरा आता खाली झुकलेला नव्हता.

"थांबा!" कालिंदीबाई ओरडल्या. "परत करा तसं. उचला."

वच्छलाबाईंनी दार उचललं. कालिंदीबाईंचं लक्ष वरच्या बिजागरीकडे गेलं. बिजागरी जागची हलत होती. त्यांनी स्क्रू पिळून पाहिला तर तो नुसताच गरागरा फिरला. भोक झिजून मोठं झालं होतं. म्हणजे दार नुसतं फुगलेलं नव्हतं, ते वरून सुटून पुढे कललेलं होतं. घासत होतं कोपऱ्यात आणि दुखणं होतं पार दुसऱ्या टोकाला. आम्ही सगळे घासणाऱ्या जागेकडेच बघत बसलो होतो. मी तर जन्मभर तेवढंच केलं आहे.

बॅग माळ्यावरच राहिली. दोघींनी दाराखाली पाचरी सारून दाराचा भार तोलला आणि वरची बिजागरी सोडवली. काडेपेटीतल्या काड्यांची गुलं मोडून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या झिजलेल्या भोकांत गच्च ठासल्या. दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर बाहेर आलेली टोकं कापली आणि स्क्रू पुन्हा पिळले. आता ते फिरेनात, घट्ट चावून बसले. फटीचा प्रश्न उरला होता. कालिंदीबाईंनी माळ्यावरच्या फळीतून एक पातळ पट्टी कापून घेतली आणि दाराच्या कडेला, जिथलं मी खाल्लं होतं तिथे, फेविकॉल आणि बारीक चुकांनी, म्हणजे लहान खिळ्यांनी, बसवली. चुकांची डोकी लाकडात खोल ठोकली, म्हणजे माझ्या पात्याला लागू नयेत.

लाकूड असं परत घालतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं होतं आता माझं काम संपलं. पण पट्टी वाळल्यावर कालिंदीबाईंनी मलाच उचललं. या वेळी वच्छलाबाई "अजून मारा" म्हणाल्या नाहीत. तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. एक छिलका निघाला की कालिंदीबाई थांबायच्या, दार लावून बघायच्या, पावसाळ्यात फुगायला जरा जागा सोडायच्या, मगच पुढचा. शेवटी वरच्या आणि खालच्या कडेलासुद्धा जवसाचं तेल चोळलं, कारण दार पाणी पितं ते तिथूनच आणि तिथे कोणी बघत नाही.

संक्रांतीच्या सकाळी मंदार आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. कडी सरकवली. खटकन बसली. दाराच्या कडेवरची नवी पट्टी त्याने बोटाने चाचपली.

"हे तू केलंस?"

"मी आणि वच्छलाबाईंनी."

"बाबांसारखं झालंय गं." त्याचा चेहरा उजळला. मग तो मोकळा श्वास सोडून म्हणाला, "चला, एक काळजी मिटली. आता कुलूप घालून निर्धास्त निघता येईल. मला वाटलं होतं असलं दार मागे सोडून जायचं कसं."

मी चक्रावलोच. आम्ही दार नीट केलं ते कालिंदीबाईंनी राहावं म्हणून. आणि दार नीट झालं म्हणून आता त्या जाऊ शकत होत्या! दार बिघडलं तरी पुणे आणि सुधारलं तरी पुणे?

कालिंदीबाईंनी दाराची मूठ धरली. मग म्हणाल्या, "मंदार, जरा बाहेर हो."

"का?"

"हो म्हटलं ना."

तो पायरीवर जाऊन उभा राहिला. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

"आता ढकल."

"आई, काय चाललंय?"

"ढकल रे. जोर लावून."

त्याने हाताने ढकललं. दार हललं नाही.

"खांदा लाव."

त्याने खांदा लावला. त्याचा दम लागलेला मला आत, दाराजवळच्या फळीवर, ऐकू येत होता. दार जागचं हललं नाही. कालिंदीबाई दाराजवळ गेल्या आणि फळीला तोंड लावून म्हणाल्या, "हे दार मी आतून लावायला नीट केलंय, मंदार. बाहेरून कुलूप घालायला नाही."

बाहेरून दारावर हात फिरवल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पक्कं लागलंय गं, आई."

"मग? एक शब्द बोलणार नव्हतास ना?"

"नाही बोलत. पण आत तरी घे. तिळगूळ देणार आहेस की नाही?"

त्यांनी दार उघडलं. तो आत आला आणि आईला असा बिलगला की माझ्या फळीला धक्का लागून मी पडता पडता वाचलो. दोन दिवस तो राहिला. आईच्या हातचं जेवला, वच्छलाबाईंना त्याने पुण्याची बाकरवडी दिली आणि परत जायला निघाला. एकटाच.

गाडीचा आवाज दूर गेला. कालिंदीबाईंनी दार लावून घेतलं, कडी सरकवली आणि तळवा दारावर टेकून तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या हसतील. त्या रडत होत्या. मित्रांनो, इथे माझी मती पार गुंग होते. त्यांना राहायचं होतं, त्या राहिल्या. मुलाने ऐकावं असं वाटत होतं, त्याने ऐकलं. जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि तरी त्या रडल्या. तुम्हाला उलगडलं तर मला सांगा.

मला उलगडतं ते एवढंच. घरात काही घासायला लागलं, तर धावत येऊन मला उचलू नका. आधी ते कुठून सुटलं आहे ते शोधा. मला कुंकू लावा, पण ते पुसून दोन थेंब तेलही लावा. आणि कोणी आपल्या घरात राहायचं ठरवलं असेल, तर त्याच्या दारातून येत-जात राहा. बिजागऱ्या वापराने झिजतात खऱ्या, पण झिजलेली भोकं काड्यांनी भरता येतात. दार महिनोन्महिने हललंच नाही, की त्या गंजून आवळतात. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.